अजिंठ्याची तैलप्रत: नकलेतून घडलेली चित्रशाळा

तैलरंग शिकण्याचा जुना आणि जगभर रुळलेला मार्ग म्हणजे समोर एखादे पुरे झालेले चित्र ठेवून त्याची बरहुकूम प्रत करणे. महाराष्ट्रात या मार्गाचा सर्वांत मोठा प्रयोग अजिंठ्याच्या लेण्यांत झाला. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी बौद्ध विहारांच्या आतल्या भिंतींवरची चित्रे कॅनव्हासवर तैलरंगात उतरवत होते. मूळ चित्रे तैलरंगातली नव्हती, आणि त्यांची रीत विद्यार्थ्यांना शिकवल्या जाणाऱ्या युरोपीय वास्तवदर्शी रीतीपेक्षा वेगळी होती. या दोन रीतींच्या ओढाताणीतच त्या पिढीचे शिक्षण झाले.

पूर्वपीठिका

पाश्चात्त्य रीतीचे चित्रण आणि धर्मवास्तूंचे अंतर्भाग यांची गाठ महाराष्ट्रात त्याआधीच पडली होती. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला. पुढे पुण्यात त्याने सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची तैलचित्रे रंगवली. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने पुण्यात चित्रकलेची एक शाळा चालली. गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार वेल्ससाठी काम करू लागला आणि त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. कान्हेरीसारखी लेणी चितारण्याच्या कामात असतानाच १७९५ मध्ये वेल्सचा मृत्यू झाला. त्याची वेरूळची रेखाटने नंतर टॉमस डॅनियलने इंग्लंडात छापून प्रसिद्ध केली. या साऱ्या कामात भर होता तो वास्तूच्या मोजमापावर. भिंतीवरचे रंग उतरवून घेण्याची वेळ अजून आली नव्हती.

ती वेळ अजिंठ्याने आणली. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला वाघूर नदीच्या नालाकृती घळीतली ही लेणी पडली. वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने १८४३ मध्ये या चित्रांच्या जतनाचा आणि नोंदीचा विषय लावून धरला. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ मध्ये या कामावर नेमले. गिलने जवळपास दोन दशके अजिंठ्यात राहून मोठमोठ्या तैलप्रती तयार केल्या, आणि पुढे कॅमेराही हाती घेतला. त्याच्या प्रती लंडनजवळच्या सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. एका माणसाने वीस वर्षांत केलेले काम एका रात्रीत गेले, आणि ते पुन्हा करायचे तर एकट्यादुकट्याच्या बळावर होणार नव्हते.

शाळा आणि तिचा अभ्यासक्रम

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या कलाशाळेचे वर्ग १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत सुरू झाले. १८६५ मध्ये इंग्लंडहून तीन शिक्षक आले: वास्तुशिल्पासाठी जॉन लॉकवुड किपलिंग, धातुकामासाठी मायकल हिगिन्स आणि सजावटी चित्रकलेसाठी जॉन ग्रिफिथ्स. ग्रिफिथ्स लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेत तयार झालेला होता. तिथल्या पद्धतीत विद्यार्थ्याचा क्रम ठरलेला असे. आधी सपाट नमुन्यावरून मुक्तहस्त रेखाटन, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश, मग जिवंत मॉडेल, आणि शेवटी रंग. प्रत्येक पायरीवर समोरच्या वस्तूशी तंतोतंत मेळ हीच कसोटी होती.

या क्रमात नकलेला कमीपणा नव्हता. भारतीय कारखान्यांतही शागीर्द उस्तादाच्या खाक्यावरूनच, म्हणजे नमुन्याच्या रेखाटनावरूनच, हात बसवत असे. फरक होता तो नकलेच्या हेतूत. खाक्यावरून शिकणारा कारागीर ठरलेली आकृती मुरवून घेई, तर साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीत शिकणारा विद्यार्थी डोळ्याला दिसणारा उजेड आणि सावली मोजायला शिकत असे. त्याच सुमारास राजा रवि वर्मा यांनी त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराला काम करताना पाहून तैलरंग आत्मसात केले. हे शिक्षण निरीक्षणातून झाले. मुंबईच्या शाळेत मात्र ते वर्ग, तासिका आणि परीक्षा यांच्या चौकटीत बसवले होते.

तैलरंगाची रीत

अजिंठ्यातल्या कामाची अडचण समजण्यासाठी तैलरंग कसा वागतो हे पाहावे लागते. रंगद्रव्याची पूड जवसाच्या तेलात घोटली की तैलरंग तयार होतो. पाणी उडून गेल्याने जलरंग वाळतो. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, म्हणून एक थर वाळायला दिवसच्या दिवस लागतात. या सावकाशीत तैलरंगाची ताकद आहे. ओल्या रंगातच दोन छटा एकमेकींत मिसळता येतात, चुकलेला भाग पुसून पुन्हा करता येतो, आणि वाळलेल्या थरावर पातळ पारदर्शक रंगाचा पापुद्रा देऊन खोली आणता येते.

प्रत करणारा विद्यार्थी आधी कॅनव्हासवर अस्तर देतो. मोठ्या चित्रासाठी मूळ आणि कॅनव्हास दोन्हींवर समप्रमाण चौकटी पाडून बाह्यरेखा उतरवल्या जातात. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी किंवा करड्या रंगात गडद-उजळ भागांची ढोबळ विभागणी होते. पुढचे थर क्रमाने अधिक तेलकट असावे लागतात. खाली तेलकट आणि वर कोरडा थर दिला, तर वरचा आधी आवळतो आणि चित्राला भेगा पडतात. सगळ्यात उजळ जागा पांढऱ्याच्या जाड लेपाने शेवटी येतात. चित्र पुरते वाळले की व्हार्निश.

अजिंठ्याची भिंत याच्या अगदी उलट वागते. बेसाल्टच्या खडबडीत खडकावर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि त्यावर कोरड्या पृष्ठभागावर बांधणीच्या द्रव्यात कालवलेले रंग अशी तिची रचना आहे. गेरू, पिवळी माती, काजळ, चुन्याचा पांढरा आणि हिरवी माती हे रंग जवळपास मिळणारे होते. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दूर बदख्शानाहून येत असे. अशा भिंतीला चमक नसते आणि सारा आकार रेषेवर उभा असतो. गालाला, हाताला किंवा स्तंभाला गोलाई देणारी छटा तिथे आहे, पण ती एका बाजूने येणाऱ्या उजेडाची सावली नाही. चित्रकाराने आकार उठून दिसावा म्हणून कडेला रंग गडद केला आहे. तैलरंगात एका खिडकीचा उजेड रंगवायला शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे असे चित्र होते, ज्यात उजेड कुठूनच येत नव्हता.

लेण्यांतले काम

अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि कलाशाळा मुंबई सरकारची होती. विद्यार्थ्यांच्या तुकड्या मुंबईहून खानदेशापर्यंत येऊन पुढे लेण्यांच्या पायथ्याकडच्या फर्दापूरच्या बाजूने डोंगरात शिरत. ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली झालेला १८७२-७३ चा हंगाम पहिला. मधल्या काही खंडांसह हे काम १८८५ पर्यंत चालले आणि सुमारे ३०० चित्रे तयार झाली. सर्वांत मोठ्या प्रती तीन मीटर उंच आणि सहा मीटर लांब इतक्या भरल्या. या तुकड्यांत पारशी आणि हिंदू विद्यार्थी होते. त्यांतले पेस्तनजी बोमनजी आणि जगन्नाथ अनंत ही नावे ग्रिफिथ्सच्या कामाशी कायमची जोडली गेली.

अडचण पहिली उजेडाची. पहिल्या क्रमांकाच्या लेण्याचा सभामंडप दोन्ही दिशांना जवळपास २० मीटर आहे, आणि त्यात उजेड येतो तो फक्त समोरच्या दारा-खिडक्यांतून. सकाळी दिसणारा लाल दुपारी तपकिरी वाटतो. भिंतीसमोर कॅनव्हास उभा केला की चित्रकाराची स्वतःची सावली त्याच्यावर पडते. रंगाची पारख उजेडावर ठरत असल्याने एकच छटा वेगवेगळ्या वेळी पुन्हा जुळवावी लागते. अडचण दुसरी भिंतीच्या अवस्थेची. शतकानुशतकांची धूळ, धूर आणि वटवाघळांची घाण यांनी चित्रे काळवंडली होती, आणि जागोजाग गिलावा निखळला होता.

ग्रिफिथ्सच्या तुकडीने या उणिवा झाकल्या नाहीत. चेहऱ्याचा अर्धा भाग पडला असेल तर प्रतीतही तो अर्धाच राहिला, आणि पोपडा गेलेल्या जागी उघडा पडलेला मातीचा पट्टाही रंगवला गेला. धर्मकथेच्या चित्रात खंडित जागा तशीच ठेवणे हा निर्णय महत्त्वाचा होता. त्यामुळे प्रत ही शोभेची वस्तू न राहता त्या दिवशीच्या भिंतीची नोंद झाली. विद्यार्थ्याला आपल्या कल्पनेने रिकामी जागा भरण्याची मुभा नव्हती. तैलरंगाच्या शिक्षणात ही शिस्त फार कठीण असते, कारण हाताला सवय झालेला चेहरा आपोआप पुरा होऊ पाहतो.

एक अंतर्दृश्य

या साऱ्या कामात विद्यार्थ्यांना आपल्या शाळेतल्या शिक्षणाच्या सर्वांत जवळचे वाटावे असे चित्र सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात खोदवले. डाव्या भिंतीवरचे हे दृश्य ‘मरणासन्न राजकन्या’ या नावाने ओळखले जाते. प्रसंग बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याच्या प्रव्रज्येचा आहे. नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला, आणि ते पाहून त्याची पत्नी सुंदरी कोसळली.

चित्रात स्तंभांवर उभा असलेला महालाचा एक भाग दिसतो. आत आसनावर सुंदरी उशीला टेकून बसली आहे. मान खाली गेली आहे, डोळे अर्धे मिटले आहेत, बोटांतली ताकद गेली आहे. मागून एक दासी तिला सावरते, दुसरी पंखा घालते, तिसरी छातीवर हात ठेवून तिच्याकडे पाहते. दाराशी पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा डोकावतो. खांबामागे आणखी कोणी बसले आहे. समोर जमिनीवर दोघी बसल्या आहेत. शेजारच्या दालनात पाण्याचे पात्र घेतलेले सेवक उभे आहेत. एकाच खोलीतले दुःख पाहणाऱ्यांच्या नजरांतून भिंतभर पसरत जाते.

ग्रिफिथ्सने या चित्राची फार वाखाणणी केली. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांना याहून चांगले रेखाटन आणि व्हेनिसच्या चित्रकारांना याहून चांगला रंग साधला असता, पण याहून मोठा भाव कोणालाच आणता आला नसता, असा त्याच्या मताचा आशय आहे. या स्तुतीत त्याची मोजपट्टीही दिसते. तुलना होती युरोपच्या तैलचित्रकारांशी, आणि रेखाटन व रंग यांत अजिंठा त्या मोजपट्टीवर थोडा कमीच ठरत होता. विद्यार्थी मात्र हातात कुंचला घेऊन याच्या पुढे गेले. वाकलेल्या मानेची रेषा उतरवताना छायाप्रकाशाच्या मदतीशिवाय वजन दाखवता येते हे त्यांना हातानेच कळत होते. वास्तवदर्शी अंतर्दृश्यात माणसांची मांडणी, खांबांनी पाडलेले विभाग आणि नजरांची दिशा यांतून कथा कशी सांगावी, हा धडा त्यांना प्लास्टरच्या पुतळ्यांपुढे मिळाला नसता.

व्हार्निश आणि आग

या कामाची एक किंमत मूळ चित्रांना मोजावी लागली. काळवंडलेल्या भिंतीवरचे रंग नीट दिसावेत म्हणून प्रत करण्याआधी त्यावर व्हार्निश फासले गेले. व्हार्निश ओले असताना रंग उजळतात आणि खोल दिसतात. वाळल्यावर आणि वर्षे गेल्यावर तेच पिवळे-तपकिरी होते, त्यावर धूळ चिकटते, आणि आकसताना ते खालचा नाजूक रंग उचलते. तैलचित्रावर व्हार्निश हा चित्राचाच भाग असतो आणि तो काढून नवा देता येतो. मातीच्या गिलाव्यावर तो परका ठरला. निजाम सरकारने १९२० ते १९२२ मध्ये लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावून चित्रांच्या सफाईचे आणि पोपडे बसवण्याचे काम करवून घेतले.

प्रतींचे भाग्यही फारसे वेगळे नव्हते. त्या लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पाठवल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतली शंभराहून अधिक चित्रे नष्ट झाली. उरलेल्या प्रतींच्या आधारे ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर दोन मोठे खंड प्रसिद्ध केले. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्या कामातून वाचलेली १६६ चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १९५५ नंतर ती कायमस्वरूपी प्रदर्शनात मांडलेली नाहीत. २००६ च्या सुमारास त्यांतल्या निम्म्याच्या आसपास चित्रांच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले.

शाळेला मिळालेले

अजिंठ्याचे नमुने मुंबईच्या शाळेत परतले ते आधी सजावटीत. जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या मातकामाच्या भांड्यांवर कमळवेली आणि पक्ष्यांच्या नक्ष्या उतरल्या. चित्रकलेत परिणाम हळू दिसला. पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) यांनी पुढे पारशी घरांतली अंतर्दृश्ये तैलरंगात रंगवून नाव कमावले. १८८२ मधले पोपटाला दाणे घालणाऱ्या स्त्रीचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. घरातला शांत उजेड आणि कामात गुंतलेली माणसे हा त्यांचा विषय युरोपीय वास्तववादाचा होता. लेण्यांच्या अंधारात घालवलेल्या हंगामांनी त्यांच्या नजरेला संयम दिला होता.

१८९० मध्ये महादेव विश्वनाथ धुरंधर शाळेत दाखल झाले. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्यांनी शाळेतल्या आपल्या काळाच्या आठवणी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहिल्या. त्यांच्या पिढीत प्रत करणे ही पायरीच राहिली. ध्येय होते ते प्रत्यक्ष जीवन आणि पुराणकथा वास्तवदर्शी रीतीने रंगवण्याचे. रवि वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत आणि पुढे मळवलीला सुरू झाला, तेव्हा तैलचित्रासारख्या चमकदार छापील तसबिरी घरोघरच्या देवघरात पोहोचल्या. त्यानंतर गावोगावच्या रंगाऱ्यांना नकलेसाठी मूळ चित्र शोधावे लागले नाही. त्यांची चित्रशाळा भिंतीवरच्या चौकटीत टांगलेली होती.

युरोपीय मूळ चित्र पाहायला न मिळण्याची उणीव औंधच्या संस्थानाने आपल्या परीने भरून काढली. स्वतः चित्रकार असलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये औंधला भवानी संग्रहालय उभारले. तिथे रवि वर्मा, धुरंधर अशा चित्रकारांच्या कामासोबत मोनालिसासह युरोपच्या विख्यात चित्रांच्या प्रती ठेवल्या गेल्या. अजिंठ्याच्या प्रती मराठी मुलखातून लंडनला गेल्या होत्या. इथे युरोपच्या प्रती सातारा जिल्ह्यात आल्या. दोन्हीकडे हेतू एकच होता: दूर असलेले मूळ शिकणाऱ्यासमोर उभे करणे.

रेषेचा दुसरा पंथ

अजिंठ्याच्या तैलप्रतींना पर्यायही पुढे आला. १९०९ ते १९११ या हंगामांत क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्ता आणि के. वेंकटप्पा यांच्यासह अजिंठ्याच्या नव्या प्रती केल्या. या प्रतींत रेषा आणि सपाट रंग यांना महत्त्व होते. गेलेले भाग भरून मूळ चित्र कसे असेल ते दाखवण्याकडेही त्यांचा कल होता. १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने त्या छापल्या. बंगालच्या चित्रकारांनी अजिंठ्यातून आपली नवी शैली घेतली. मुंबईचे विद्यार्थी मात्र पंचवीस ते चाळीस वर्षे आधी त्याच भिंतीपुढे बसून तैलरंगाचे शिक्षण घेत होते आणि त्यातून वास्तववादाकडे गेले. एकाच भिंतीतून दोन वेगळ्या परंपरा निघाल्या, कारण हातातले माध्यम वेगळे होते आणि ते हाताला वेगळ्याच गोष्टी शिकवत होते.

आजची पायरी

आज महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याची चित्रकलेशी पहिली गाठ शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांतून पडते. पारनेर तालुक्यातल्या सुप्यासारख्या गावातल्या मुलाला तैलरंग हवा असेल तर या परीक्षांनंतर अहिल्यानगर किंवा पुण्यासारख्या शहरातले कलामहाविद्यालय गाठावे लागते. तिथे शिकवणीचा भर स्थिरचित्र, व्यक्तिचित्र आणि रचनाचित्र यांवर असतो. जुन्या चित्राची प्रत हा अभ्यास वर्गाबाहेर, स्वतःच्या हौसेने, छापील किंवा पडद्यावरच्या प्रतिमेवरून होतो. अशा प्रतिमेत चित्राचा आकार, रंगाच्या लेपाची जाडी आणि पृष्ठभागाचा पोत हरवतो, त्यामुळे नकलेतून मिळणारे शिक्षणही अर्धे राहते. सुप्याहून अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगरमार्गे अजिंठा साधारण अडीचशे किलोमीटरवर आहे. मूळ भिंत एवढ्या अंतरावर असताना तिची उजळवलेली छबी हातात येते.

ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या प्रतींचे महत्त्व आता शिक्षणापुरते राहिलेले नाही. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत भिंतीवरचे आणखी काही भाग पुसट झाले किंवा निखळले आहेत. १८७० आणि १८८० च्या दशकांत त्या जागा कशा दिसत होत्या हे या तैलप्रतींवरून ताडून पाहता येते, कारण त्या काळच्या छायाचित्रांत रंग नव्हता. पडलेली जागा पडलेलीच दाखवण्याची विद्यार्थ्यांना घालून दिलेली शिस्त इथे उपयोगी पडते. प्रतीत जे रंगवले आहे ते त्या दिवशी भिंतीवर होते, आणि जे रिकामे सोडले आहे ते तेव्हाच गेलेले होते, असे जतनाचे काम करणाऱ्यांना धरून चालता येते.